नवीन घर, बोअरचं पाणी, सहा माणसं: गरम पाण्याची सोय नेमकी कोणती करावी?

ओसरी:

नमस्कार मंडळी, साताऱ्याजवळ घर बांधतोय, तळमजला आणि वर एक मजला, स्लॅब झाले, आता पंधरा दिवसांत भिंतीतले पाइप टाकायला सुरुवात होईल आणि प्लंबर रोज सकाळी फोन करून विचारतो गरम पाण्याची लाइन कुठून कुठे न्यायची, आणि माझ्याकडे उत्तर नाही. एकदा टाइल्स बसल्या की परत भिंत फोडायची माझी तयारी नाही म्हणून आत्ताच नीट विचारतोय.

घरात आम्ही सहा जण. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, आम्ही दोघं, दोन मुलं. बाथरूम दोन, एक खाली एक वर. शिवाय सिंकला थोडं गरम पाणी मिळालं तर थंडीत भांडी घासणाऱ्याचे हात वाचतील. पाणी बोअरचं, नळाचं पाणी एक दिवसाआड आणि तेही फक्त प्यायला पुरेल एवढं.

आता गोंधळ असा की प्लंबर म्हणतो 200 लिटरचा सोलर टाका आणि विसरून जा. वायरमन म्हणतो सोलर पावसाळ्यात काही कामाचा नाही, दोन्ही बाथरूमला गिझरचे पॉइंट काढतो. भाऊ पिंपरीला फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्याकडे गॅस गिझर आहे, तो म्हणतो चालू केला की धो धो गरम पाणी, बिल पण कमी. आणि आईचं म्हणणं, गावाकडचा तांब्याचा बंब आहे तो मागच्या अंगणात ठेवा, माझं मी बघते. सगळ्यांचं ऐकून घेतलं तर सगळ्यांचंच पटतं. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

कृष्णाकाठ:

सांगलीत 11 वर्षं सोलर वापरतोय, दोन प्रकारचे वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला घेतला तो काचेच्या नळ्यांचा, म्हणजे ईटीसी. स्वस्त पडला, थंडीतही पाणी असं तापायचं की विसण घालताना निम्म्याहून जास्त गार पाणी लागायचं. पण आमचं पाणी बोअरचंच. तिसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट यायला लागलं, माणूस बोलावला, त्यानं एक नळी खेचून बाहेर काढून उपडी केली तर भिजलेल्या खडूसारखा पांढरा गाळ मूठभर पडला, आणि अशा 20 नळ्या. ह्या नळ्यांमधून तुमचं वापरायचं पाणीच फिरतं, त्यामुळे क्षार सगळे तिथेच बसतात. दर वर्षी साफ करून घेतलं असतं तर चाललं असतं, पण गच्चीवर चढून कोण बघतंय.

दुसरा घेतला तो तांब्याच्या पत्र्याचा, एफपीसी, आणि त्यात हीट एक्स्चेंजरवाला. ह्यात पत्र्याखालच्या नळ्यांत एकदाच भरलेलं स्वच्छ पाणी बंद चक्रात फिरत राहतं, ते टाकीभोवती येऊन आतल्या बोअरच्या पाण्याला उष्णता देतं आणि परत जातं. म्हणजे क्षार पॅनेलपर्यंत पोचतच नाहीत. महाग आहे, ट्यूबवाल्यापेक्षा बराच, पण आता सहा वर्षं झाली, एकदा टाकी धुतली तेवढंच. तर आधी तुमच्या पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या, टीडीएस मीटर नाही, तो विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, हार्डनेस. प्रयोगशाळेत थोड्या पैशात होतं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं आहे. 300 च्या वर असेल तर साध्या ट्यूबच्या वाटेला जाऊ नका असं माझं मत.

पावसाळ्याचं वायरमन बोलला ते खरं आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भरवसा धरू नका. आणि एक गोष्ट विकणारा कधी सांगत नाही, सकाळी सातला तुम्ही जे पाणी वापरता ते काल दिवसभर तापलेलं असतं. रात्री दोघांनी शॉवर घेतला की सकाळी शेवटच्या माणसाला गार. आमच्याकडे ह्यावरून पहिले दोन महिने रोज वाद व्हायचा.

हिशेबवही:

ओसरी, आधी यंत्र निवडू नका, आधी बादल्या मोजा. मी आकडे मांडतो.

सहा माणसं, माणशी एक मोठी बादली म्हणजे 20 लिटर धरली तर 120, त्यात आई-बाबा थंडीत थोडं जास्त घेणार, सिंक, असं करून 150 लिटर धरा. टाकीतलं पाणी थंडीत 20 डिग्रीच्या आसपास, अंगावर घ्यायला 40 लागतं, म्हणजे 20 डिग्रीची वाढ. एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल. 150 गुणिले 20 गुणिले 4.2, भागिले 3600, बरोबर 3.5 युनिट आले. टाकीतून, पाइपातून जी गरमी वाया जाते ती धरून रोजचे 4. कोणत्याही कंपनीचा गिझर आणा, पाण्याला लागणारे हे साडेतीन युनिट कमी होत नाहीत, फाइव्ह स्टारवाल्यात फक्त वरचा वाया जाणारा भाग कमी होतो.

4 युनिट म्हणजे महिन्याला 120. आता तुमचं बिल काढून बघा, महावितरणचे टप्पे 100, 300 आणि 500 ला बदलतात. आत्ता तुम्ही 220-230 वापरत असाल तर गिझरमुळे 300 ओलांडणार आणि वरची युनिटं वरच्या दरानं लागणार. म्हणून शेजाऱ्याला गिझर स्वस्त पडतो आणि तुम्हाला महाग, गिझर एकच असला तरी.

गॅसचा हिशेब असा की एक किलो एलपीजीत साधारण साडेबारा-तेरा युनिट इतकी उष्णता असते, त्यातली 80 टक्के पाण्यात गेली तर 14.2 किलोचं सिलिंडर तुमच्या घराला 40 दिवस जाईल. पैशात बघितलं तर गॅस विजेपेक्षा स्वस्तच पडतो, तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये.

अबोली_नाशिक:

हिशेब बरोबर असेल हो दादा पण गॅस गिझरबद्दल मला बोलू द्या.

माझी मावसबहीण, वय 26, चार वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्याकडे राहायला आली होती. आमचा गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला, बसवणाऱ्यानंच तिथे बसवला, आम्हाला काय कळतंय. थंडी म्हणून तिनं वरची छोटी खिडकी पण लावून घेतली. मी ओट्याशी चहा करत होते, पाण्याचा आवाज येत होता पण तांब्याचा, बादलीचा आवाजच येईना. पाणी नुसतं एका सुरात पडतंय. हाक मारली, ओ नाही. दार फोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे उघडे, गिझर चालूच. बाहेर वाऱ्यावर आणलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचली. पण पुढे कितीतरी महिने तिचं डोकं दुखायचं आणि साध्या साध्या गोष्टी विसरायची.

डॉक्टरांनी समजावलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. सिलिंडर गळलं तर वास येतो कारण गॅसमध्ये मुद्दाम वासाचं द्रव्य घातलेलं असतं. पण बंद खोलीत गिझर जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा धरून बसतो. माणसाला नुसती गुंगी येते आणि उठून कडी काढायचं बळच राहत नाही.

तुमच्या घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत. बसवायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, भिंतीतून नुसता पाइप आत. एग्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि भावाला आज फोन करून विचारा त्याचा कुठे बसवलाय.

ओसरी:

अबोलीताई, वाचून हात थरथरले. लगेच फोन केला. त्याचा ड्राय बाल्कनीत आहे, पण बाल्कनीला काच लावून बंद केलीये. काच काढायला सांगितलं, तो रविवारी काढतोय, तोपर्यंत गिझर बंद ठेवला आहे.

पक्कडपाना:

मी 22 वर्षं गिझर दुरुस्ती करतो, कोल्हापूर आणि आजूबाजूला. बोअरच्या पाण्यावर विजेचा गिझर घ्यायचा तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

गिझरची कॉइल तुमच्या अंगठ्याएवढी जाड होते क्षारानं, मी हातोडीनं ठोकून काढलेत पापुद्रे. कॉइलवर क्षार बसला की गरमी पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते. टाकीच्या आत एक मॅग्नेशियमची सळई असते, अॅनोड म्हणतात, ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. दोन वर्षांनी खोलून बघायची, झिजली असली तर बदलायची, किरकोळ खर्च आहे. शंभरातली नव्वद माणसं बदलत नाहीत आणि मग टाकी खालून पाझरायला लागली की मला बोलावतात, तेव्हा माझ्या हातात काही नसतं, टाकी फेकावीच लागते.

थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा, 75 वर कशाला, जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसणार. वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून बरेच जण तो बंद करून टाकतात, असं कधीच करू नका, पाणी तापलं की फुगतं, तो दाब तिथूनच बाहेर पडतो, व्हॉल्व्ह बंद केला तर टाकी फुटू शकते.

वायरमनला सांगा गिझरला वेगळी लाइन, 4 स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग खरोखरची पाहिजे, आणि मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. ओल्या अंगाला शॉक बसायच्या आधी तीच लाइन तोडते. बादलीत टाकायचा रॉड मात्र नवीन घरात नको, आई-बाबा पाणी तापलं का बघायला बोट घालतात आणि बटन बंद करायचं राहून जातं, दोन घरांतल्या अशा वार्ता मला स्वतःला माहीत आहेत.

राइनकाठ:

मी मूळची साताऱ्याचीच, गेली नऊ वर्षं जर्मनीत. इकडचं थोडं सांगते कारण त्यानं तीन लिटरवाला इन्स्टंट गिझर घ्यावा का ह्याचं उत्तर मिळेल.

इकडे बऱ्याच फ्लॅट्समध्ये टाकी नसलेला विजेचा इन्स्टंट हीटर असतो, शॉवर उघडला की पाच सेकंदात गरम, कितीही वेळ. पण तो 18, 21, कधी 24 किलोवॉटचा असतो आणि थ्री फेजवर चालतो. आपल्याकडे सिंगल फेजवर 3 किलोवॉटचा मिळतो. तीन किलोवॉटवर 20 डिग्री वाढ पाहिजे तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी, म्हणजे एक बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. आईकडे गेले की मी त्या बारीक धारेखाली कुडकुडत उभी असते. सिंकखाली लावायला तो उत्तम, आंघोळीला नाही.

आणि इकडे आता हीट पंपाचं खूप चाललंय, ते घर पण तापवतात त्यावर. आपल्याकडे घर तापवायची गरज नाही, पण पाण्यापुरता हीट पंप मिळतो ना तिकडे?

ओसरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. हार्डनेसचा रिपोर्ट आला, 460. म्हणजे साध्या ट्यूबवाल्या सोलरचा विषय संपला बहुतेक. दोन गोष्टी राहिल्या. हीट पंपाचं काय? आणि आमच्या साईटवर एक जण येऊन गेला, म्हणाला पाण्याचा सोलर घेऊच नका, छतावर विजेचे पॅनेल टाका, सरकार 78 हजार देतं, त्यावर गिझर फुकटात चालेल.

हिशेबवही:

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रिज समजा. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, वीज फक्त ती उचलायला लागते. आपल्या हवेत एका युनिटला साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते, म्हणजे तुमचे साडेतीन युनिट सव्वा युनिटात होतात. पाऊस असो ढग असो, चालतो. पण घरगुती आकाराचासुद्धा 50-60 हजारांत बसवून मिळणं अवघड, कॉम्प्रेसर आहे म्हणजे आवाज आणि दुरुस्ती आली, सातारच्या आसपास तो खोलणारा माणूस कोण हे आधी शोधा. हॉटेल, वसतिगृह असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

पॅनेलवाल्याचं अर्धं खरं आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 ला आली, त्यात 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्यापुढे 78 हजार असं अनुदान आहे. पण हे विजेच्या पॅनेलला, पाणी तापवायच्या सोलरला नाही, दोन्हीला लोक सोलरच म्हणतात म्हणून घोळ होतो. आणि 78 मिळायला 3 किलोवॉट बसवावं लागतं, त्याचा उरलेला खर्च तुमच्या खिशातून. 1 किलोवॉट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे तुमच्या पाण्यापुरतं 1 किलोवॉट आणि गच्चीची 100 चौरस फूट जागा. तेवढ्याच पाण्याला सोलर हीटरचं पॅनेल 30-40 चौरस फुटांत बसतं. घरात पुढे एसी, इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर पॅनेलचा विचार जरूर करा, नेट मीटरिंग असल्यामुळे दुपारी बनलेली वीज सकाळच्या गिझरच्या हिशेबात धरली जाते. फक्त आंघोळीसाठी एवढा घाट घालू नका.

शेणीचा_धूर:

काकूंच्या बंबाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे गडहिंग्लजला अजून बंब रोज पेटतो. मधल्या नळीत शेणी, करवंट्या, वाळकी लाकडं टाकायची, एकदा पेटला की घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत पाणी कडत राहतं, वरून गार ओतत राहायचं आणि तोटीतून गरम घेत राहायचं. वीज नसली तरी अडत नाही, पावसाळ्यात तर त्याचाच आधार. आतून क्षार बसतो, तो चिंचेच्या पाण्यानं निघतो. त्याला मागे उघड्यावर शेड करून द्या आणि तिथून खालच्या बाथरूमला एक झडप, म्हणजे जड बादली उचलायला नको. पण शेड चारी बाजूंनी बंद करू नका, अबोलीताईंनी सांगितलेला तो गॅस कोळशाच्या धगीतूनही निघतो. सासूबाई सकाळी बंबापाशी बसून हात शेकत असतात, त्या वेळी त्यांच्याशी जेवढं बोलणं होतं तेवढं दिवसभरात होत नाही.

ओसरी:

आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या बाईंना नमस्कार सांग.

तर घरी बसून असं ठरवलंय. हीट एक्स्चेंजरवाला एफपीसी सोलर 200 लिटर, दोन्ही बाथरूमला 15 लिटरचा साधा गिझर, सिंकखाली तीन लिटरचा इन्स्टंट, मागे शेडात बंब. सोलरवाला म्हणतोय टाकीतच 2 किलोवॉटची कॉइल देतो, मग गिझर कशाला. त्याचं ऐकावं का?

कृष्णाकाठ:

नका ऐकू. ती कॉइल पूर्ण 200 लिटर तापवते, तुम्हाला ढगाळ दिवशी दोनच बादल्या पाहिजे असल्या तरी साडेचार-पाच युनिट जाणार. त्यापेक्षा सोलरची लाइन गिझरच्या इनलेटला जोडा, मध्ये बायपासचा कॉक. ऊन असेल तेव्हा गिझरचं बटन बंद, पावसाळ्यात फक्त ज्याला पाहिजे त्यानं चालू करायचं.

गरम लाइन सीपीव्हीसीचीच टाका, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्यानं वाकतो. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी बसतं, गच्चीपासून खालचं बाथरूम 18 मीटर असेल तर रोज सकाळी साडेचार लिटर गार पाणी आधी बाहेर येणार. म्हणून बाथरूमसाठी खाली उतरणारी लाइन जवळून आणा, शेवटचे फाटे अर्ध्या इंचाचे ठेवा, आणि गच्चीवरच्या पाइपाला इन्सुलेशन गुंडाळा, त्यावर ऊन लागू नये म्हणून वरून टेप.

आणि हे आजच गवंड्याला सांगा कारण नंतर होत नाही. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे, तरच पाणी आपोआप चढतं. आमच्याकडे हे राहिलं होतं, नंतर गच्चीवर चार खांब वेगळे उभे करावे लागले. सोलरचा व्हेंट पाइप, म्हणजे हवा-वाफ बाहेर जायची नळी, त्या टाकीच्याही वर. पुढे प्रेशर पंप लावायचा विचार असेल तर गार आणि गरम दोन्ही लाइनला लागेल असा पंप घ्या, नुसता गारला लावला तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि सोलरची टाकी थंड होते.

ओसरी:

टाकीच्या उंचीचं वाचलं आणि तसाच साईटवर गेलो. गवंडी साडेतीन फुटांचे खांब धरून बसला होता, सोलरच्या टाकीचा माथा त्यापेक्षा वर जातोय. आता आठ फूट करायला सांगितलंय, सळया अजून मोकळ्या होत्या म्हणून जमलं.